स्कॉटलंडचा ब्लॅक बन आणि आपला काळा बेदाणा

नाताळ जवळ येऊ लागला की वाशी, नेरूळ, बेलापूर येथील बेकऱ्यांत सुक्या मेव्याच्या केकची मांडणी सुरू होते. गोव्याकडील, वसईकडील, मंगळुरूकडील आणि केरळातील अनेक ख्रिस्ती कुटुंबे नवी मुंबईत राहतात. त्यांच्या घरी ह्या दिवसांत नेवऱ्या, दोदोल, केक असे नाना जिन्नस होतात, आणि अलीकडे इतरांच्या घरीही डिसेंबरअखेर केक आणण्याची रीत पडली आहे. ह्याच दिवसांत सांगली-तासगावकडील शीतगृहांत मागील हंगामाचा बेदाणा पडून असतो. दिवाळीची मागणी भागून जो माल मागे उरतो त्यात काळपट, तांबूस आणि बारीक मण्यांचा बेदाणाही असतो. हिरव्या, लांबट बेदाण्याला सौद्यात जो भाव मिळतो तो ह्या मालाला मिळत नाही. खाण्यास तो वाईट असतो असे मुळीच नाही. दिसण्यात कमी पडतो, एवढाच त्याचा दोष.

ज्या पदार्थात हा काळेपणा उणेपणा न ठरता गुण ठरतो असा एक पदार्थ स्कॉटलंडमध्ये फार पूर्वीपासून होत आला आहे. त्याचे नाव ब्लॅक बन. नवी मुंबईच्या परिसरातील महिला बचत गटांना तो करता येण्यासारखा आहे, आणि त्यासाठी लागणारा बहुतेक माल महाराष्ट्रात पिकतो. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या आणि शेतकरी बंधुभगिनींच्या माहितीसाठी त्याची कृती व त्यामागील विचार येथे देत आहे.

नावात बन असला तरी बनपावाशी ह्या पदार्थाचे काही नाते नाही. आपल्या भाषेत सांगावयाचे तर ही एक मोठी, डब्याच्या आकाराची, भाजलेली करंजी होय. बाहेर मैद्याची व लोण्याची पारी आणि आत सारण. करंजीत नारळाचे वा खोबऱ्याचे सारण असते, येथे ते बेदाण्याचे असते, आणि तेही इतके दाट की कापलेल्या फोडीत पीठ शोधावे लागते. आमच्या प्रमाणात सारणाच्या वजनापैकी निम्म्याहून अधिक भाग निव्वळ बेदाण्याचा आहे. पीठ असते ते केवळ बेदाणे एकमेकांस धरून ठेवण्यापुरते.

पूर्वी हा पदार्थ नाताळानंतरच्या बाराव्या रात्री, म्हणजे ६ जानेवारीच्या सुमारास खात असत. १५६० साली स्कॉटलंडमध्ये धर्मसुधारणा झाली आणि नव्या चर्चला नाताळचा थाटमाट मान्य नव्हता. १६४० साली तेथील पार्लमेंटने नाताळची सुट्टी कायद्यानेच रद्द केली. हा निरुत्साह इतका टिकला की २५ डिसेंबर हा दिवस स्कॉटलंडमध्ये सार्वजनिक सुट्टीचा झाला तो थेट १९५८ साली. लोकांनी मग आपला आनंद ३१ डिसेंबरच्या रात्रीकडे वळविला. त्या रात्रीला ते हॉगमने म्हणतात. मध्यरात्रीनंतर घरात जो पहिला पाहुणा पाऊल टाकील त्याने रिकाम्या हाताने येऊ नये, कोळशाचा तुकडा, मीठ, ब्लॅक बन असे काही घेऊन यावे, असा तेथील संकेत आहे. चुलीला जळण आणि घरात अन्न वर्षभर पुरावे हा त्यातील भाव. आपल्याकडील सणांतही असे संकेत काही थोडे नाहीत.

स्कॉटिश लोक आपल्या प्रांतास अपरिचित नाहीत. १८२३ साली त्यांचे मिशनरी कोकणात बाणकोटास उतरले होते आणि मुंबईचे विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचे, ते जॉन विल्सन स्कॉटलंडचेच. तथापि आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. ह्या पदार्थातील मैदा, लोणी, दूध आणि अंडे सोडले तर बाकीचे काहीच स्कॉटलंडच्या भूमीत होत नव्हते. तेथील थंड हवेत बेदाण्याचे द्राक्ष पिकत नाही. बारीक काळे करंट ग्रीसहून येत, आणि त्यांचे नावही तेथील कोरिंथ गावावरून पडलेले आहे. मिरी, सुंठ, दालचिनी हा माल पूर्वेकडून समुद्रमार्गे येई. म्हणजे ज्यांच्या शेतात यांपैकी काहीच पिकत नव्हते त्यांनी हा पदार्थ आपला म्हणून रूढ केला. आपल्याकडे तर द्राक्ष सांगली, सोलापूर, नाशिकला आहे, मिरी-दालचिनी कोकणात आहे, काजू सिंधुदुर्ग-रत्नागिरीत आहे, संत्रे विदर्भात आहे. आणि ह्यांतील बराच माल विक्रीस येतो तो वाशीच्याच बाजार आवारात.

परक्या पदार्थात आपला माल घालण्याचा प्रयोग आपल्या देशात पूर्वीच झालेला आहे. केरळातील तलश्शेरी येथे १८८३ साली मांबल्ली बापू ह्या बेकरीवाल्यांनी दालचिनीच्या मळ्याचे मालक मर्डॉक ब्राऊन यांच्या सांगण्यावरून नाताळचा केक केला. ब्राऊन यांनी सांगितलेले विलायती मद्य न वापरता त्यांनी काजूच्या बोंडापासून व केळ्यांपासून काढलेले स्थानिक पेय त्यात घातले, आणि केक ब्राऊनसाहेबांच्या पसंतीस उतरला, अशी हकीकत सांगितली जाते. आज केरळातील नाताळ केकवाचून होत नाही.

आता बेदाण्याकडे वळू. ब्लॅक बनचे यश ओव्हनवर किंवा मसाल्यावर जितके अवलंबून आहे त्यापेक्षा बेदाण्याच्या निवडीवर अधिक अवलंबून आहे.

आपल्याकडील बहुतेक बेदाणा थॉम्पसन सीडलेस ह्या जातीचा आणि तिच्यातून शेतकऱ्यांनीच निवडून काढलेल्या जातींचा असतो. तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांची तास-ए-गणेश आणि सोलापूरजवळील नान्नजचे नानासाहेब काळे यांची सोनाका ह्या त्यांपैकी प्रसिद्ध जाती. सांगलीच्या बेदाण्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. चांगली गोडी उतरलेली, म्हणजे रिफ्रॅक्टोमीटरवर २२ ते २४ अंश दाखविणारी द्राक्षे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काढतात. एक लिटर पाण्यास २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट व १५ मिलिलिटर डिपिंग ऑइल ह्या प्रमाणाच्या द्रावणात ती बुडवून शेडमधील रॅकवर पसरतात. द्रावणामुळे मण्यावरचा मेणासारखा थर मोकळा होतो व आतील पाणी लवकर बाहेर पडते. सावलीत दोन ते तीन आठवड्यांत माल तयार होतो. सुमारे चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा मिळतो.

ह्या दोन-तीन आठवड्यांतच शेतकऱ्याचे दैव ठरते. हवा कोरडी राहिली तर माल हिरवा वा पिवळा उतरतो. ढगाळ हवा आली, वळवाचा पाऊस झाला, रात्री दव पडले, तर तोच माल तांबूस किंवा काळपट होतो आणि भाव खाली येतो. खर्च मात्र सारा तोच झालेला असतो. अशा मालास गिऱ्हाईक मिळवून देणे हे माझ्या मते बेदाणा पिकविण्याइतकेच निकडीचे काम आहे.

परंतु येथे एक भेद फार काळजीपूर्वक केला पाहिजे. रंगाने गेलेला बेदाणा वेगळा आणि वासाने गेलेला बेदाणा वेगळा. पहिल्यात फक्त वर्ण बदललेला असतो. गोडी, गर, टिकाऊपणा शाबूत असतो. दुसरा पावसात भिजून आंबलेला किंवा बुरशी लागलेला असतो. बुरशी लागलेल्या बेदाण्यात ऑक्रॅटॉक्सिन नावाचे विष तयार होऊ शकते, आणि ते भट्टीच्या आचेने पूर्णपणे नष्ट होत नाही. मसाला व गूळ घातल्यावर आंबूस वास झाकला जाईल असा विचार करून कोणी असा माल स्वस्तात घेऊ लागला तर कार्यकर्त्यांनी त्यास तेथेच थांबवावे. पोते वा पेटी उघडून प्रथम वास घ्यावा. मग मूठभर बेदाणा घट्ट दाबून मूठ उघडावी. दाणे आपोआप सुटे झाले तर ओलावा योग्य, म्हणजे साधारण १४ ते १६ टक्के आहे असे समजावे. गोळा तसाच राहिला व तळहात ओला झाला तर तो माल घेऊ नये. दोन-चार दाणे फोडून आत पांढरे वा हिरवट तंतू दिसतात का तेही पाहावे.

जातीनेच काळा असलेला बेदाणाही मिळतो. तो शरद सीडलेससारख्या काळ्या द्राक्षांचा. ब्लॅक बनमध्ये तो अर्धा आणि तांबूस पडलेला थॉम्पसनचा अर्धा असे मिश्रण चांगले लागते. बिया असलेला मोठा मनुका मात्र येथे उपयोगाचा नाही. बिया काढण्यात दिवस जातो. पिवळा धमक माल वापरू नये असे नाही, पण तो ह्यात घालणे म्हणजे पैठणी नेसून शेणसडा घालण्यासारखे आहे.

दुसरा महत्त्वाचा जिन्नस म्हणजे पाकातली संत्र्याची साल. रसाच्या दुकानांतून साली फुकट मिळतात म्हणून त्या आणू नयेत. त्या किती वेळ उघड्या पडल्या होत्या हे कळत नाही. चांगली फळे कोमट पाण्यात चोळून धुवावी, साल काढून आतील पांढरा भाग चमच्याने खरवडावा. सालीच्या काड्या करून दोन वेळा उकळून ते पाणी टाकून द्यावे, म्हणजे कडूपणा जातो. अर्धा किलो सालीस अर्धा किलो साखर व अर्धा लिटर पाणी घेऊन दहा मिनिटे उकळावे व एक दिवस तसेच ठेवावे. दुसऱ्या दिवशी शंभर-सव्वाशे ग्रॅम साखर वाढवून पुन्हा उकळावे. असे आणखी दोन-तीन दिवस करीत गेल्यास साल काचेसारखी पारदर्शक होते आणि पाक मधासारखा दाट होतो. द्राक्षबागाईतदाराच्या घरी रिफ्रॅक्टोमीटर असतोच. त्याचा पल्ला पुरेसा असेल तर त्यावर पाक ७० ते ७५ अंशांवर आला म्हणजे काम झाले असे समजावे. मग साल निथळून सावलीत सुकवावी. एकदम दाट पाकात साल टाकली तर ती आक्रसून चिवट होते. म्हणून ही घाई करू नये.

स्कॉटलंडमध्ये बदाम घालतात. आपण काजूचे तुकडे घालावे. अखंड काजूची गरज नाही, तुकडा काजू पुरतो आणि स्वस्त पडतो. गडद साखरेऐवजी कोल्हापूरकडील काळसर गूळ बारीक किसून घ्यावा. मसाल्यांत सर्वसुगंधी, म्हणजे ज्याला ऑलस्पाइस म्हणतात, तो मुख्य. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठामुळे कोकणातील मसाल्याच्या बागांत दालचिनीची कोकण तेज ही जात आलेली आहे. सर्वसुगंधी न मिळाल्यास दालचिनी, लवंग व जायफळ मिळून घ्यावे.

२० सेंटिमीटर व्यासाच्या व ७ सेंटिमीटर खोल डब्यासाठी प्रमाण येणेप्रमाणे आहे. पारीसाठी मैदा ३०० ग्रॅम, थंड लोणी १५० ग्रॅम, पाव चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. सारणासाठी बेदाणा ७०० ग्रॅम, काजूतुकडा ७५ ग्रॅम, पाकातली साल ७५ ग्रॅम, मैदा १२५ ग्रॅम, किसलेला गूळ १०० ग्रॅम, सर्वसुगंधी, सुंठ व दालचिनी प्रत्येकी एक लहान चमचा, मिरपूड अर्धा चमचा, खाण्याचा सोडा पाव चमचा, एक अंडे आणि सुमारे १०० मिलिलिटर ताक. मिरपूड पाहून दचकू नये. तीच ह्या पदार्थाची ओळख आहे. अंडे नको असल्यास ताक थोडे वाढवावे. मार्गशीर्षात पुष्कळ घरी अंडे वर्ज्य असते आणि तो महिना बहुधा नाताळाच्या आगेमागेच येतो, त्यामुळे बिनअंड्याचा प्रकार विक्रीस अधिक सोयीचा ठरेल असे मला वाटते.

आदल्या रात्री बेदाणा निवडून देठ काढावे, कोमट पाण्यातून झटकन धुवून काढावा आणि फडक्यावर पसरून पूर्ण कोरडा होऊ द्यावा. ओला बेदाणा घातला तर मधला भाग कच्चा राहतो व पुढे बुरशी धरतो. सकाळी मैद्यात लोणी बोटांच्या टोकांनी चोळून रव्यासारखे करावे, जसे आपण मोहन चोळतो तसे. मग लागेल तेवढेच थंड पाणी घालून गोळा करावा. घरचे लोणी असल्यास ते आधी धुवून घ्यावे. त्यात ताकाचा अंश अधिक असतो व पारी चिवट होते. गोळा फार मळू नये. अर्धा तास झाकून ठेवावा.

पिठाचा पाऊण भाग लाटून लोणी लावलेल्या डब्याच्या तळाशी व कडांना बसवावा आणि काठाबाहेर बोटभर राहू द्यावा. सारणाचे कोरडे जिन्नस एकत्र करून त्यात ताक व अंडे घालावे. मिश्रण सैल नसावे. लाडवाच्या मिश्रणासारखे हाताने वळता यावे इतपत घट्ट असावे. ते डब्यात मुठीने दाबून भरावे, कोपऱ्यांत पोकळी राहू देऊ नये. काठ आत दुमडून पाण्याचा हात लावावा, उरलेल्या पिठाची पोळी वर ठेवावी आणि करंजीला घालतो तशी मुरड घालावी. नंतर विणण्याच्या सुईने पाच-सहा ठिकाणी थेट तळापर्यंत भोके पाडावी. ही भोके शोभेसाठी नाहीत. तीन तासांच्या भाजणीत आत जी वाफ धरते तिला वाट मिळाली नाही तर झाकण फुगून फाटते.

भाजणी १६० अंश सेल्सिअसवर अडीच ते तीन तास. वरचा भाग लवकर तांबूस झाला तर कागद झाकावा. शेवटी सुई मध्यभागी खुपसून पाहावी. तिला ओले पीठ लागू नये, बेदाण्याचा चिकटपणा लागला तर हरकत नाही. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी जवळच्या बेकरीवाल्याशी बोलणे करावे. सकाळचा पाव निघाल्यावर भट्टीची आच हळूहळू उतरत जाते, आणि अशी उतरती, सौम्य, लांबणारी आच ह्या पदार्थास फार मानवते. एका वेळी वीस-पंचवीस डबे त्यात बसतील तर प्रत्येक डब्यामागे इंधन नगण्य पडते. कढईतील तापल्या वाळूवर तीन तास सारखी आच राखणे कठीण. घरच्या प्रयोगास ठीक, विक्रीच्या मालास नाही.

डबा पूर्ण गार झाल्यावाचून बन बाहेर काढू नये. मग बटर पेपरमध्ये व त्यावर फॉइलमध्ये गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवावा. ताजा बन खाल्ला तर निराशा होते. पारी कडक आणि सारण सुटे लागते. दोन-तीन आठवड्यांत बेदाण्यातील ओलावा पिठात मुरतो, मसाल्याचा तिखटपणा निवतो, आणि मग सुरीने पातळ, सलग काप पडतो. स्कॉटलंडच्या थंड घरात तो कितीतरी आठवडे टिकतो. नवी मुंबईत डिसेंबरातही दुपारी ३० अंशांच्या वर तापमान जाते व खाडीची दमट हवा असते, हे विसरून तेथील मुदत येथे लावू नये. पहिला आठवडा थंड, कोरड्या जागी आणि पुढे शीतकपाटात, आणि भाजल्यापासून एका महिन्यात खप, असा नियम ठेवावा. कोठे बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच भाग कापून उरलेला विकणे हा अपराध समजावा.

विक्रीसाठी माल करावयाचा तर अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ खाली नोंदणी आवश्यक आहे. वेष्टनावर घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख व मुदत लिहावी. अंडे असल्यास मांसाहारी पदार्थाचे चिन्ह द्यावे लागते. गहू, दूध व काजू यांचा उल्लेख ठळक असावा. बेदाण्याला गंधकाची धुरी दिलेली असल्यास तेही लिहावे, कारण दम्याच्या काही रोग्यांना त्याने त्रास होतो. बेदाणा घेतानाच शेतकऱ्यास हे विचारून घ्यावे. काळ्या मालाला धुरीची गरज नसते, म्हणून बिनधुरीचा मागितल्यास तो मिळण्याजोगा असतो.

सिडको १९७० साली स्थापन झाली आणि नवे शहर वसविण्यासाठी ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या. भातशेती व मिठागरे गेलेल्या त्या गावठाणांत आगरी-कोळी भगिनींचे बचत गट आहेत. भाकरी, मसाले, सुकी मासळी ह्यांच्या विक्रीचा त्यांना अनुभव आहे आणि गिऱ्हाईक दाराशी आहे. अशा एका गटाने शंभर बन केले तर ७० किलो बेदाणा लागेल, म्हणजे सुमारे २८० किलो द्राक्षांचा. तासगावच्या एखाद्या शेतकरी गटाशी मार्चमध्येच ठरवून रंगाने उतरलेला, पण वासाने स्वच्छ असा माल वेगळा काढून ठेवावयास सांगितला तर सौद्यात तो मिसळून भाव पाडून घेण्याची पाळी शेतकऱ्यावर येणार नाही. बोलणी करताना नमुन्याची पेटी आधी मागवावी आणि ओलाव्याची अट कागदावर घ्यावी.

नव्या गटाने पहिल्याच वर्षी शंभराच्या मागे लागू नये. नोव्हेंबरच्या १५ तारखेच्या सुमारास तीन डबे भाजावे. एक आठवड्याने, दुसरा दोन आठवड्यांनी आणि तिसरा चार आठवड्यांनी कापावा आणि प्रत्येक वेळी काप कसा पडतो, वास कसा आहे, पारी कितपत मऊ झाली आहे हे वहीत टिपून ठेवावे. कापताना दातेरी सुरी घ्यावी व काप बोटाच्या जाडीपेक्षा अधिक करू नये. एका बनाचे तीसेक काप सहज होतात आणि चहाबरोबर एक पुरतो.